रघूमास्तरांची पिपाणी

ही हकीकत लिहायची मी बरीच वर्षं टाळली. दर वेळी काही ना काही निमित्त सापडायचं. कधी बागेची छाटणी, कधी गुडघ्याचं ऑपरेशन, कधी नुसताच आळस. परवा नातवानं नवी गाडी आणली. म्हणाला, "आजोबा, इंजिन एवढंसं हाय, पण टर्बो हाय!" मी गाडीभोवती एक फेरी मारली, "झ्याक हाय" म्हणालो आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. सुनेला वाटलं, गाडी आवडली नाही. गाडी चांगलीच होती. मला रघूमास्तर आठवले होते.

तर रघूमास्तर. बारामतीतले बँडमास्तर, क्लॅरिनेट वाजवणारे. त्यांच्याबद्दल पहिली गोष्ट सांगायची म्हणजे ते पाणी तापवायचा बंब फुंकत नसत. त्यांच्या घरात फुंकणीच नव्हती. घरामागे, परसाच्या पार टोकाला बंब मांडलेला. मास्तर त्यात काटक्या रचत, काडी लावत आणि समोर उकिडवे बसून वाट बघत. पेटला तर पेटला. विझला तर पुन्हा काडी. ज्या माणसानं तालुक्यातली अर्धी लग्नं फुंकून लावली, तो स्वतःच्या आंघोळीसाठी एक फुंकर मारायला तयार नसे. मी एकदा म्हटलं, "मास्तर, एक फुंकर मारा की. काय क्लॅरिनेटाला कमी पडनार हाय का?"

"न्हाय बागायतदार," मास्तर म्हणाले. "इस्तू असू दे, मानूस असू दे, न्हायतर मशीन. आपल्या नाकानं, आपल्या दमानं!"

हे त्यांचं ब्रीदवाक्य. दिवसातून किती वेळा म्हणत, त्यांनाच ठाऊक.

मला ते बागायतदार म्हणत, कारण इंदापूरकडच्या बाजूला माझी द्राक्षांची बाग होती. तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. द्राक्षाला बरे दिवस होते आणि मला जरा जास्तच बरे दिवस होते. मी नवी डिझेल जीप घेतली होती. तिच्या पाठीवर लाल अक्षरात 'टर्बो' असं लिहिलेलं. ती अक्षरं मी रोज सकाळी फडक्यानं पुसायचो. बाकीची जीप धुतली काय, न धुतली काय.

मास्तरांकडे होती जुनी, पांढरी, आठशे सीसीची गाडी. इंजिन एवढंसं, शिलाई मशीनच्या भावंडासारखं. पण मास्तर ते ज्या पद्धतीनं चालवत, ते बघायला लोक दुकानातून बाहेर येत. गिअर बदलायची त्यांना घाईच नसे. दुसरा गिअर असा ताणत की गाडी किंचाळायला लागे. रस्त्यावरचे लोक हात करून ओरडत, "मास्तर, गिअर टाका!" मास्तरांना वाटे, लोक नमस्कार करतायत. तेही हात करत. त्या आवाजावरून गावानं गाडीचं नाव पिपाणी ठेवलं. मास्तरांना राग आला नाही. ते स्वतःच तिला पिपाणी म्हणू लागले.

इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा त्या गाडीला नव्हता. मास्तरांना तो लागतही नसे. "बाजाच्या पेटीवरची पांढरी दोन लागली की सा हजार फेरं झालं," ते सांगत. "तितं गाडी गाती. त्याच्या खाली नुसती बोलती." हे त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. पण ते डोळे मिटून सांगत, आणि गाडी चालवताना डोळे मिटत म्हणून त्यांच्या शेजारी बसायला कोणी तयार नसे. एक त्यांची बायको सोडून. हिरावहिनी कायम शेजारी. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या, काच खाली करून खिडकीला टेकलेल्या.

आमचं भांडण व्हायचं ते इंदापूर रोडला तात्याच्या हॉटेलात. तात्या चहा उत्तम करी आणि आग त्याहून उत्तम लावी. मी जीप लावून आत शिरलो की म्हणे, "मास्तर, आलं बघा तुमचं धूरखाऊ."

आता टर्बो म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी थोडक्यात. इंजिनातून धूर बाहेर पडतो. त्या धुराच्या जोरावर एक भिंगरी फिरते आणि ती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त ताकद. साधी गोष्ट. मास्तरांच्या लेखी तो व्यभिचार होता.

"सोताचाच धूर वापरून पळायचं? उष्टं खानं हाय ते!"

"मास्तर, वाया जाणारी वस्तू कामाला लावली, त्यात पाप काय? आमी शेनाचं खत करतो, ते काय उष्टं खानं झालं?"

"शेन पिकाला घालता. म्हशीला न्हाय घालत."

हॉटेल हसायचं. मी चिडायचो.

"आनि दुसरं," मास्तर बशीतला चहा संपवून म्हणत, "टर्बोला पाय द्या. आधी ते इचार करनार. मग फाईल वर जानार. मग सही हुनार. मग ते पळनार. इंजिन हाय का कचेरी? आमची पिपाणी बघा. पाय दिला की ओ देती."

ह्यात खोटं काही नव्हतं. त्या वेळच्या टर्बोला जागं व्हायला वेळ लागायचा, हे मला रोज कळायचं. पण ते मान्य कोण करणार? मी म्हटलं, "मग तुमच्या बँडच्या गाड्यावर माईक आनि कर्णा कशाला? तो काय नाकानं श्वास घेतो?"

मास्तर उठून चालू लागले. तात्यानं माझ्या चहाचे पैसे घेतले नाहीत. पुढच्या बाजारच्या दिवशी मी जीपमधून उतरतोय तोच मास्तर हॉटेलातून ओरडत बाहेर आले, "माईक आवाज वाढवतो! दम न्हाय वाढवत!" एवढे दिवस त्यांनी तेच दळण दळलेलं दिसत होतं.

टर्बो हा त्यांना सगळीकडे दिसायचा. लग्नात नवरदेव घोड्यावर चढला की क्लॅरिनेट बाजूला करून ते पोरांच्या कानात सांगत, "ह्यो सोताच्या दमाचा हाय," किंवा "ह्याला सासऱ्याचा टर्बो हाय, फेऱ्यानंतर बघा." देणगी भरून इंजिनिअर झालेली पोरं टर्बो. शिकवणीला जाणारी पोरं टर्बो. पुढाऱ्यांविषयी तर विचारूच नका. "मागनं कोन हवा भरतंय ते बघायचं," ते म्हणत, "म्होरलं तोंड बघायचं न्हाय."

माझी द्राक्षंही त्यातून सुटली नाहीत. मणी फुगावेत म्हणून आम्ही घड औषधाच्या पाण्यात बुडवतो. सगळेच बुडवतात. न बुडवलेला घड बाजारात कोणी हातात धरत नाही. मास्तरांनी माझं एक द्राक्ष हातात घेतलं, उजेडात धरलं आणि परत ठेवलं. "फुगवल्यालं हाय." शेवटी कुंपणाकडची एक वेल मी बुडवायची सोडून दिली, फक्त त्यांच्यासाठी. आंबटगोड, वाटाण्याएवढे मणी. मास्तर ते वहिनींसाठी रुमालात बांधून नेत. म्हणजे बघा, आमचं भांडण तसं घरगुती होतं.

ते बाहेर पडलं एका सकाळी. मी जीप घेऊन सुप्याकडे निघालो होतो. कऱ्हाटी मागे पडल्यावर माळावर एक लांब चढ लागतो. मी ऐटीत चढत होतो, तेवढ्यात मागून तो ओळखीचा सूर आला आणि पिपाणी पांढरी दोन लावून माझ्या कडेनं निघून गेली. मास्तरांनी हात केला. वहिनींनीसुद्धा केला, खिडकीतून पदर सावरत, हसत. मागच्या एस्टीतल्या लोकांनी सगळं पाहिलं. मी तात्याच्या हॉटेलात पोचायच्या आधी बातमी पोचली होती.

"या बागायतदार," तात्या म्हणाला. "पिपाणीनं ढोल फोडला म्हनं?"

"मी पाय दिलाच नव्हता," मी म्हणालो.

"दिला आसंल. फाईल वर गेली नसंल."

त्या हशात मी बोलून गेलो. त्याच चढावर, सगळ्यांच्या समोर, होऊन जाऊ द्या. मी हरलो तर जीपच्या पाठीवरचं 'टर्बो' माझ्या हातानं खरवडून काढीन. मास्तर उठून उभे राहिले. "मी हारलो तर पिपाणी इकीन. आनि टर्बोच्या इरुद्ध एक शबुद काढनार न्हाय." मला तेव्हा हे फार सोयीचं वाटलं. एक जुनी गाडी जाईल आणि एक तोंड बंद होईल. मास्तरांनी काय पणाला लावलं होतं, ते मला पुढे समजलं.

आमच्याकडे शर्यत म्हटलं की बैलगाडीची असो नाहीतर कसली, माणूस जमणारच. लोणी भापकरपासून लोक आले. हलगी आली. गुलाल आला. मास्तरांनी स्वतःचा बँडही बोलावला. जो जिंकेल त्याच्यासाठी वाजवायचं, असा त्यांचाच हुकूम. चढाच्या पायथ्याला तात्यानं चहाची किटली मांडली.

मी आदल्या दिवशी त्या चढावर जीप घालून बघितली होती. जीप वजनदार, गडी विचार करणारा. मी हरणार होतो. हे मला स्वच्छ माहीत होतं.

शर्यतीआधी मास्तरांनीच मला हाक मारली. "या, नाक बघा हिचं." त्यांनी बॉनेट उघडलं आणि हवा आत जाते ते नळकांडं दाखवलं. पुसून लख्ख केलेलं. "हितनं घेती. कुनाच्या बापाची मदत न्हाय." मग ते वहिनींना आणायला गेले. त्या हलगीच्या धुळीपासून लांब, एका बाभळीखाली बसल्या होत्या. माझ्या खिशात द्राक्षाच्या पेटीत घालायचा पातळ कागद होता. बागायतदाराच्या खिशात असतोच. मी त्याचे बोळे केले आणि त्या नाकात बोटानं आतवर सारले. बॉनेट लावलं. वर थोपटलंसुद्धा.

माझ्या मनात काय होतं, तर गंमत. जिंकायचं, सगळ्यांनी ओरडून घेतलं की बॉनेट उघडायचं आणि जादूगारासारखे बोळे काढून दाखवायचे. खोटं नाही सांगत. निदान त्या वेळी तरी हेच मनात होतं.

वहिनी गाडीत बसायला लागल्या तसे लोक ओरडले, "मास्तर, वजन उतरवा!" तात्या म्हणाला, "आज तरी वैनींना चहा पिऊ द्या." वहिनी लाजून खाली उतरू लागल्या. मास्तरांनी त्यांचा हात धरला. "ती बसनार. ती असली तरच पिपाणी गाती." मोठा हशा झाला. मीही हसलो.

रुमाल पडला. सुरुवातीला माझी जीप सवयीप्रमाणे विचारात पडली आणि पिपाणी पुढे सटकली. खालच्या चालीत बोळ्यांचा काही त्रास नव्हता. पण जिथं गायचं तिथं तिला दम मिळेना. सूर वर जायला बघायचा आणि घशात अडकायचा. मागून काळा धूर यायला लागला. माझी भिंगरी एव्हाना जागी झाली होती. मी कडेनं पुढे जाताना आत पाहिलं. मास्तर मान तिरकी करून ऐकत होते. वाद्य बेसूर लागलं की करतात तशी. आणि वहिनी समोरच्या डॅशबोर्डवर हात फिरवत होत्या. दमलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

मी वर पोचलो. गुलाल उडाला. मास्तर आले, उतरले आणि थेट बँडकडे जाऊन म्हणाले, "वाजवा." मग माझ्या गळ्यात हार घातला. "टर्बो जितला. मान्य हाय." लोकांनी मला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून बॉनेट उघडता येत नाही. उतरवलं तेव्हा पिपाणी निघून गेली होती.

उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तात्याच्या हॉटेलात लोक माझ्यासाठी उठून उभे राहिले. परवा सांगू म्हटलं. तेवढ्यात कळलं, मास्तरांनी गाडी विकली. कुणी लांबचा, सोलापूरकडचा माणूस घेऊन गेला. पहिल्याच सर्व्हिसिंगला त्याच्या मेकॅनिकनं बोळे काढले असतील, आणि ती पुन्हा गायली असेल. ऐकायला मास्तर नव्हते.

दिलेला शब्द मास्तरांनी पाळला. टर्बोचं नाव काढलं नाही. कुणी वाद काढला तर माझ्याकडे बोट करून म्हणत, "त्यांना इचारा. त्यांचं बरूबर हाय." ह्याच्याइतकं वाईट मला कधी कोणी बोललेलं नाही.

कुंपणाची वेल पिकली तशी मी पेटी घेऊन त्यांच्या घरी गेलो. ठरवून गेलो होतो. दार उघडंच होतं. आतून घरघर ऐकू येत होती, लहानशा पंपासारखी. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. नाकातोंडावर मुखवटा, त्याची नळी डबड्याएवढ्या यंत्रात गेलेली. मास्तर शेजारी बसून मुखवटा हातानं धरून होते आणि त्यांच्या प्रत्येक श्वासाबरोबर स्वतःची मान हलवत होते. बँडमधल्या नव्या पोराला ताल देतात तशी.

"या बागायतदार. बसा. आवाज हुतोय जरा."

"हे कवापासनं?" मी विचारलं.

"दमा व्हय? लई वर्सं झाली. मशीन डॉक्टरनं दोन-तीन वर्सामागं दिलं." मग ओशाळं हसले. "घरातला टर्बो. भाईर कुनाला सांगू नका."

परसाच्या टोकाचा तो बंब मला दारातून दिसत होता. धूर घरात येऊ नये म्हणून इतका लांब. फुंकर मारली की धूर जास्त होतो म्हणून वाट बघत बसणारा माणूस. जगभराच्या टर्बोशी तो भांडायचा, कारण घरात त्याला रोज त्याचे पाय धरावे लागत होते. आणि ह्याची आम्ही टिंगल करून चहा पीत होतो.

यंत्रातली औषधाची वाफ संपली. वहिनींनी मुखवटा काढला. मला म्हणाल्या, "भावजी, पिपाणी व्हती तवा बरं व्हतं. दिस कलला की हे मला कालव्याच्या रस्त्यानं न्ह्यायचं. गाडी वरच्या सुराला लावायचं आनि म्हनायचं, ती बघ कसा छातीभरून घेती, तसा घे. मला कुटला यायला? पन माज्यावाटचं ती घ्यायची. ऐकून हलकं वाटायचं."

"त्या दिशी तिचा दम कुटंतरी अडकला व्हता," मास्तर मध्येच म्हणाले. "मला ऐकू येत व्हतं. पन मग म्हनलं, आपलाच कान गेला आसंल. आता बँडची वाद्यं पोरास्नीच लावून घ्या म्हनतो."

मी तोंड उघडलं. त्याच वेळी वहिनींनी विचारलं, "भावजी, खरं सांगा. मी उतरले आसते तर जितली आसती का वो?"

"काय बी बोलू नगं," मास्तर म्हणाले. "म्हातारी झाली व्हती गाडी."

पण वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. चढावरच्या त्या हशापासून हा प्रश्न त्या घेऊन बसल्या होत्या. मास्तरांचं उत्तर त्यांना पटलेलं नव्हतं, आणि खरं सांगू शकेल असा माणूस समोर आला होता. तो मी. मी पेटीवरचा कागद बाजूला केला. तोच पातळ कागद. आणि म्हणालो, "द्राक्षं खावा वहिनी. न बुडवलेली हायत."

एवढंच. पुढच्या हंगामात वेल पिकली तेव्हा वहिनी नव्हत्या. मास्तर त्यानंतर बरीच वर्षं होते, पण क्लॅरिनेट लावायला पोरांकडेच देत. मी भेटायचो, चहा प्यायचो, उठून यायचो. जीपच्या पाठीवरची लाल अक्षरं एका रविवारी मी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढली. कुणी विचारलं तर सांगायचो, रंग उडाला. मग मास्तरही गेले. त्यांच्या मागून त्यांचाच बँड वाजत गेला, आणि मी गर्दीत मागे राहिलो.

त्या दुपारी पेटी उघडताना जे तोंडातून निघायला हवं होतं, ते आता लिहितो.

वहिनी, तुमी उतरला असता तरी ती हारलीच असती. तुमचं वजन नव्हतं ते. तिच्या नाकात मी कागद कोंबला होता. मास्तरांचा कान शाबूत हाय, त्यांना वाद्यं लावू द्या. माझं चुकलं.